अलास्काचे जहाज, कॅनडाचा व्हिसा
प्रश्न : मुलगा सिअ‍ॅटलला असतो. तो आम्हा दोघांना क्रूझने अलास्काला नेणार आहे. अमेरिकेचा व्हिसा आहेच. मग आणखी काही लागणार नाही ना? यांना समुद्राची धास्ती वाटते. घरची धानाची शेती आहे, कधी जावे? – एक वाचक, आमगाव (जि. गोंदिया)

उत्तर : ताई, अलास्का अमेरिकेतच आहे, पण जहाज वाटेत कॅनडाला लागते. अमेरिकेच्या 1886 च्या कायद्यामुळे परदेशी नोंदणीच्या जहाजांना सिअ‍ॅटलहून फेरी मारताना एका परदेशी बंदरात थांबावेच लागते. बहुधा ते व्हिक्टोरिया असते. त्यामुळे भारतीय पासपोर्टवर कॅनडाचाही व्हिसा लागतो. ‘आम्ही खाली उतरणारच नाही’ म्हणून भागत नाही. कागद अपुरे असतील तर सिअ‍ॅटललाच जहाजावर चढू देत नाहीत. अर्ज काही महिने आधी करा. बोटांचे ठसे द्यायला मुंबई, पुणे किंवा हैदराबाद गाठावे लागेल. मुंबईला विदर्भ एक्सप्रेस गोंदियाहूनच सुटते. कॅनडाहून अमेरिकेत परत यायचे असते, म्हणून तिकीट काढण्याआधी अमेरिकेचा व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा आहे ना, तेही पाहा.

कॅनडाची खटपट नको असेल तर सिअ‍ॅटलहून विमानाने थेट अँकरेजला जा. तिथून रस्त्याने सुमारे अडीच तासांवरच्या सेवर्डहून हिमनद्या दाखवणाऱ्या दिवसभराच्या बोटी सुटतात.

क्रूझचा हंगाम साधारण मे ते सप्टेंबर. रोवणीआधी मेमध्ये किंवा रोवणी आटोपल्यावर ऑगस्टअखेरीस निघा. स्वेटर, रेनकोट हवेतच. शाकाहारी जेवण बुकिंगच्या वेळीच नोंदवा. जुन्या आजारांसह विमा घ्या.

यजमानांना सांगा, अलास्काच्या बेटांमधला बराचसा मार्ग शांत पाण्याचा असतो. खोली जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर घ्या. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून सोबत ठेवा. निर्धास्त जा.