थार घ्यावी की जुनी पद्मिनी? गाडीआधी धंदा ठरवा!



रत्नागिरीत पर्यटकांसाठी गाडी लावायची म्हटलं की दोन स्वप्नं पडतात. एक नवी कोरी थार, नाहीतर मामाच्या वाडीत ताडपत्रीखाली उभी असलेली प्रीमियर पद्मिनी. दोन्हीकडे लोक वळून बघतात. पण वळून बघणारा प्रत्येक जण गिऱ्हाईक नसतो. म्हणून आज तीन प्रश्न.

1. गिऱ्हाईक पैसे कशाचे देतं?

थारमध्ये ते प्रवासाचे देतं. 2020 ला आलेल्या तीन दारी थारची जमिनीपासूनची उंची 226 मिमी. जांभ्याच्या कच्च्या वाटेवर ती आरामात चालते. पण सीट चारच! ड्रायव्हर धरला तर पाहुणे तीन. मागे बसायला पुढची सीट वाकवावी लागते, आजी-आजोबांचे हाल होतात. गणपतीपुळ्याला येणारं कुटुंब किती माणसांचं असतं, ते आधी मोजा.

पद्मिनीत ते आठवणीचे देतं. कुर्ल्यात बनलेली, 1089 सीसीची, स्टिअरिंगजवळ गिअर असलेली गाडी. 2023 मध्ये मुंबईच्या टॅक्सीतूनही ती गेली. लोकांना तिच्यासोबत फोटो हवा असतो, आरे-वारेचा घाट चढायचा नसतो.

2. कागद काय म्हणतो?

इथेच बरेच जण फसतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने फिरवता येत नाही, थार असो की पद्मिनी. 2021 च्या केंद्रीय नियमानुसार 50 वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपातली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नवीन नोंदणीची फी 20,000 रुपये. पण अशी गाडी रस्त्यावर व्यवसायासाठी चालवता येत नाही! आणि 1985 ची पद्मिनी व्हिंटेज नाहीच, ती फक्त जुनी गाडी. म्हणून पैसे गुंतवण्याआधी आरटीओत जा आणि विचारा, “या मॉडेलला पर्यटक परवाना मिळेल का?”

3. रिकाम्या दिवसांचं काय?

समजा थारचा हप्ता 25,000, ड्रायव्हर 15,000, विमा-देखभाल 5,000. महिन्याला झाले 45,000. मे महिन्यात 18 दिवस गाडी लागली तर दिवसाला 2,500 पडले. पावसात 9 दिवसच लागली तर 5,000. डिझेल वेगळंच.

पद्मिनीला हप्ता नाही, पण आपली खारी हवा पत्रा खाते. सुटे भाग शोधावे लागतात आणि जुना हात असलेला मेकॅनिक लागतो.

मग माझं मत?

प्रवास विकायचा असेल तर आधी सात सीटची साधी पिवळ्या पाटीची गाडी. तिचा धंदा बसला की मग थार. पद्मिनी घरची असेल आणि तुमचा होमस्टे असेल, तर तिला अंगणात छपराखाली उभी करा. ती तुमची जाहिरात आहे, टॅक्सी नाही.

गृहपाठ: वहीत बारा महिने लिहा. प्रत्येकासमोर गाडी किती दिवस लागेल तो आकडा टाका. आता तो निम्मा करा. तरीही हप्ता निघतोय? तरच शोरूममध्ये जा.

भेटूया पुढच्या धड्यात!