आळंदीच्या बियांतून निघालेला ‘गणेश’

डाळिंबाचे दाणे खाताना आतली बी दाताखाली सहज चिरडते, याचे तुम्हांस कधी नवल वाटले आहे काय? जुन्या ‘आळंदी’ वाणाचे दाणे गडद रंगाचे आणि रसाळ असत, पण बी अगदी टणक. हा फरक पडला तो आपल्या पुण्यातच, गणेशखिंडीच्या फळसंशोधन केंद्रात. तो घडविणारे होते डॉ. जी. एस. चीमा, मुंबई इलाख्याचे सरकारी उद्यानविद्यातज्ज्ञ.

त्यांची रीत दिसायला साधी होती. बी तयार होताना आनुवंशिक गुणांची नवी जुळणी होते. म्हणून एकाच फळाच्या बिया पेरल्या तरी सगळी रोपे सारखी निपजत नाहीत. बहुतेक सामान्यच निघतात, एखादेच सरस. ते ओळखायचे कसे? रोपे वाढवायची, फळ धरेपर्यंत काही वर्षे थांबायचे, मग प्रत्येक झाडाची फळे मोजायची, कापायची, चाखायची. आमच्या प्रयोगशाळेत लंबकाचा प्रयोग तासाभरात उरकतो; येथे एका निरीक्षणाला एक हंगाम जातो!

अशा निवडीतून १९२७ साली ‘लखनौ-४९’ हा पेरू मिळाला. बाजारात ‘सरदार’ म्हणतात तो हाच. ‘पंढरी साहेबी’ द्राक्षाच्या रोपांतून ‘चीमा साहेबी’ निघाले. आळंदी डाळिंबाच्या रोपांतून मऊ बियांचे एक झाड १९३६ साली निवडले गेले. त्याला ‘गणेश’ हे नाव मात्र १९७० साली मिळाले. याखेरीज करमरकर व जोशी यांच्यासह चीमांनी फळांच्या शीतगृहातील साठवणीवरही काम केले.

निवडलेल्या झाडाची बी पेरली, तर गुणांची पुन्हा सरमिसळ होणार. म्हणून गुटी कलम करतात. फांदीची साल कड्यासारखी काढून तेथे ओले शेवाळ बांधायचे. मुळे फुटली की फांदी कापून लावायची. म्हणजे गणेश डाळिंबाच्या बागा हा एका परीने त्या एकाच झाडाचा विस्तार होय. यात धोकाही आहे. सारी झाडे एकसारखी असली की एक रोग साऱ्यांनाच भारी पडतो. सोलापूर-नाशिककडच्या शेतकऱ्यांना ‘तेल्या’चे नाव काढले तरी धडकी भरते, त्याचे एक कारण हेच.

गणेशचे दाणे मऊ, पण रंगाने फिके. म्हणून राहुरीच्या कृषी विद्यापीठाने त्याचा गडद लाल दाण्यांच्या ‘गुल-ए-शाह रेड’शी संकर केला. त्याच्या दुसऱ्या पिढीतून ‘मृदुला’ आणि आजचा ‘भगवा’ निवडले गेले. निवडीची रीत पुन्हा तीच!

शाळेच्या आवारात पेरूचे झाड असल्यास एक प्रयोग करा. पावसाळ्याच्या आरंभी एका फांदीवर गुटी बांधा आणि त्याच झाडाच्या दहा बिया कुंड्यांत पेरा. पानांचा आकार, वाढ आणि पुढे फळे यांची नोंदवही ठेवा. तुम्ही शाळा सोडून जाल तेव्हा ती वही खालच्या वर्गाकडे सोपवा.