तक्त्यांच्या चौकटीतून सुटलेले पान

ठाणे स्थानकाच्या पूर्वेला कोपरी आणि तिच्या पलीकडे ठाण्याची खाडी. हिवाळ्यात या खाडीच्या चिखलात रोहित पक्ष्यांचे, म्हणजे फ्लेमिंगोंचे, थवे उतरतात. २०१५ साली खाडीचा काही भाग त्यांच्यासाठी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. समजा, कोपरीच्या एखाद्या शाळेतील मुलांनी खाडीतील पक्ष्यांची माहिती देणारे वेबपान तयार करायचे ठरवले. वर मथळा, डावीकडे रोहित, उजवीकडे शेकाट्या आणि तळाशी दर रविवारी मोजलेल्या पक्ष्यांचा तक्ता. ही मांडणी संगणकाला सांगायची कशी?

वेबपाने एचटीएमएल या भाषेत लिहितात. टिम बर्नर्स-ली यांनी ही भाषा जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत घडवली, ती शास्त्रज्ञांना आपली टिपणे एकमेकांपर्यंत पोहोचवता यावीत म्हणून. त्यामुळे 'हा मथळा', 'हा परिच्छेद', 'ही यादी' एवढेच तिच्यात सांगता येई. कोणता मजकूर पानावर कोठे बसवायचा, हे सांगण्याची सोय जवळजवळ नव्हतीच. १९९५ च्या सुमारास तिच्यात तक्ते आखण्याची सोय आली आणि पाने सजवणाऱ्यांनी एक युक्ती काढली. तक्त्याच्या रेघा अदृश्य करायच्या आणि एका घरात यादी, दुसऱ्यात मजकूर, तिसऱ्यात चित्र बसवायचे! मोकळी जागा हवी तेथे ठिपक्याएवढे पारदर्शक चित्र ताणून ठेवायचे. युक्ती नामी होती, यात शंका नाही. त्या काळी दुसरा इलाजही नव्हता.

मग बिघडले कोठे? आपल्या पक्ष्यांच्या पानाकडेच पाहू. त्यातील अदृश्य तक्त्याच्या पहिल्या ओळीत दोन घरे आहेत: 'रोहित' आणि 'शेकाट्या'. दुसऱ्या ओळीत त्यांच्या खाली दोघांचे वर्णन आहे: 'चोच जाड व वाकडी' आणि 'चोच सरळ, सुईसारखी'. डोळ्यांनी पाहणारा हे दोन स्तंभ वरून खाली वाचतो. त्याला काहीच अडचण नाही. परंतु दृष्टिहीन विद्यार्थी स्क्रीन रीडर नावाच्या कार्यक्रमाकडून पान ऐकतो, आणि हा कार्यक्रम तक्त्याची घरे आडव्या ओळीने वाचत जातो. त्याच्या कानी काय पडेल? "रोहित. शेकाट्या. चोच जाड व वाकडी. चोच सरळ, सुईसारखी." आता कोणाची चोच कोणती? वर्णने लांबलचक असली की गोंधळाला पारावार राहत नाही. एकही शब्द न चुकता लिहिलेली माहिती केवळ मांडणीमुळे चुकीची होऊन बसते.

दुसरी अडचण वेळेची. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगममार्फत, आणि तेही टेलिफोनच्या तारेवरून. त्या काळच्या एका चांगल्या मोडेमचा वेग सेकंदाला २८,८०० बिट होता. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला ३,६०० बाइट. आता हिशेब करा. प्रत्येक पानात मांडणीच्या तक्त्यांसाठी ९,००० बाइट खर्च होत असतील, तर त्यांना अडीच सेकंद लागतील. वीस पानांना ५० सेकंद. शिवाय घरांतला सारा मजकूर हाती आल्याशिवाय स्तंभांची रुंदी नक्की ठरत नसे, म्हणून पुष्कळदा पडदा तोवर कोराच राही.

यावरचा उपाय छापखान्यात पूर्वीपासून होता. खिळे जुळवण्याच्या काळात लेखक हस्तलिखितात फक्त 'मथळा' असे लिही. तो कोणत्या आकाराच्या खिळ्यांत जुळवायचा, याच्या सूचना वेगळ्या असत. सर्नमध्येच काम करणाऱ्या होकोन विउम ली यांनी १० ऑक्टोबर १९९४ रोजी हीच फारकत वेबसाठी सुचवली. मजकूर एका फायलीत, त्याचे रंगरूप दुसऱ्या. या दुसऱ्या फायलीला स्टाइल शीट म्हणतात आणि तिच्या भाषेला सीएसएस. बर्ट बोस हे त्यांना येऊन मिळाले आणि १७ डिसेंबर १९९६ रोजी सीएसएसची पहिली प्रमाणित आवृत्ती निघाली.

वरच्या हिशेबात आता फरक पडतो. वीस पानांना मिळून ७,२०० बाइटांची एकच स्टाइल शीट असेल, तर ती दोन सेकंदांत येते, आणि ब्राउझर तिची प्रत जपून ठेवत असल्यामुळे पुन्हा मागवावी लागत नाही. देवनागरीला तर तिचा आणखी एक उपयोग. आपल्या अक्षरांच्या वर वेलांट्या, मात्रा आणि रफार, खाली उकार. ओळी फार जवळ आल्या की वरचा उकार खालच्या मात्रेला भिडतो. 'परिच्छेदांतील ओळींची उंची अक्षराच्या १.६ पट ठेवा' एवढी एक सूचना लिहिली की वीसही पाने एकदम सुधारतात. तक्त्यांच्या जमान्यात यासाठी प्रत्येक पान उघडून बसावे लागले असते.

तरीही बदल लगेच झाला नाही. निरनिराळे ब्राउझर एकाच सूचनेचे निरनिराळे अर्थ लावत. २००३ साली डेव्ह शे यांनी 'सीएसएस झेन गार्डन' सुरू केले. तेथे एचटीएमएलचे एक अक्षरही न बदलता फक्त स्टाइल शीट बदलून त्याच पानाची अनेक रूपे दाखवली होती, आणि ते पाहून पुष्कळांची शंका फिटली. मात्र स्तंभ पाडण्यासाठी तेव्हा जी सोय वापरत, ती मूळची चित्राभोवती मजकूर वळवण्यासाठी होती. म्हणजे तीही एक उसनी युक्तीच! खास मांडणीसाठी घडवलेली 'ग्रिड' ही पद्धत प्रमुख ब्राउझरांत आली ती २०१७ साली.

मग मुलांनी पक्षी मोजून केलेल्या तक्त्याचे काय? तो तक्ताच राहावा. तारीख आणि पक्षी यांचा तेथे खरोखरच आडवा-उभा संबंध आहे. स्तंभांची शीर्षके नीट नोंदवली असतील तर स्क्रीन रीडर प्रत्येक संख्येबरोबर ती कोणत्या पक्ष्याची, हेही सांगू शकतो.

एक प्रयोग करून पाहा. संगणकावर फायरफॉक्स ब्राउझरमध्ये एखादे पान उघडा आणि ऑल्ट ही कळ दाबा. वर दिसणाऱ्या यादीतील 'व्ह्यू'मध्ये 'पेज स्टाइल' आणि तेथे 'नो स्टाइल' निवडा. सारी सजावट जाऊन उघडा मजकूर उरेल. तो वरून खाली मोठ्याने मित्राला वाचून दाखवा आणि त्याला कोठे गोंधळ झाला ते वहीत टिपून ठेवा.