औषधाविना विषाणूला आवर घालणारी माणसे



ऊस विकास विभागाने या पानावर बेणे, खत, पाणी यांवर लिहावे अशी पद्धत आहे. या वेळी विषय निराळा आहे. गट सभांतून आम्हाला एक प्रश्न दोन-तीनदा आला, "साहेब, एचआयव्ही होऊनसुद्धा काही लोकांना गोळीशिवाय काही होत नाही म्हणे, खरं का?" खरे आहे. पण एवढेच अर्धवट ऐकून चालू गोळ्या बंद करणारेही निघतात, म्हणून पुरते सांगणे भाग आहे. आम्ही शेतीचे पदविकाधारक, डॉक्टर नव्हे. जे नीट समजून घेतले तेवढेच लिहितो.

काणी रोग आपणा सर्वांच्या परिचयाचा. को ७४० मध्ये काणीचे काळे चाबूक निघत, तेवढे को ८६०३२ मध्ये निघत नाहीत. रोग तोच, रान तेच, फरक वाणाच्या अंगचा. माणसांतही असा फरक असतो.

एचआयव्हीची लागण (आमच्या खात्यातली लागण नव्हे!) झाली की विषाणू रक्तातील सीडी-४ नावाच्या पांढऱ्या पेशींत शिरतो. या पेशी म्हणजे शरीराच्या रक्षक टोळीचे मुकादम. विषाणू त्यांच्या आनुवंशिक द्रव्यात आपला मजकूर घुसवतो आणि तिथेच ठाण मांडतो. उपचार नसेल तर साधारण आठ-दहा वर्षांत टोळी मोडते. मात्र काही थोड्या लोकांत, शंभरात एकही भरत नाही इतक्या, विषाणू वर्षानुवर्षे तपासणीच्या यंत्रालाही मोजता येत नाही. त्यांना 'एलिट कंट्रोलर' म्हणतात.

हे कसे घडते? आपली प्रत्येक पेशी आत काय तयार होते आहे त्याचे बारीक तुकडे बाहेर मांडून दाखवते. ज्या ताटात ती मांडते त्याला एचएलए म्हणतात. मारेकरी पेशी फिरत असतात, परका तुकडा दिसला की ती पेशीच मारून टाकतात. विषाणू लबाड आहे, सतत रूप पालटतो आणि ओळखू येत नाही. पण बी ५७ किंवा बी २७ या जातीचे ताट ज्यांना आई-बापाकडून मिळाले, त्यांच्या ताटात बहुधा विषाणूच्या कवचाचा असा भाग मांडला जातो की तो बदलला तर विषाणूच लंगडा होतो. गाडीचा रंग बदलता येतो हो, आस काढून गाडी चालेल का? २०१० साली असे नऊशेहून अधिक लोक आणि ज्यांचा आजार वाढत गेला असे रुग्ण यांची तुलना झाली, तेव्हा मुख्य फरक या ताटांतच सापडला.

२०२० साली आणखी एक गोष्ट उजेडात आली. अमेरिकेतील संशोधकांनी ६४ एलिट कंट्रोलर तपासले. त्यांच्यात शिल्लक विषाणूचा मजकूर पुष्कळदा आनुवंशिक द्रव्याच्या पडीक भागात पडलेला होता. माळावर टाकलेल्या बेण्यासारखा, उगवायची सोय नाही. सुपीक भागातल्या विषाणूची निंदणी मारेकरी पेशींनी आधीच केली असावी. कॅलिफोर्नियाच्या लोरीन विलेनबर्ग यांना १९९२ मध्ये लागण कळली होती. त्यांच्या दीडशे कोटींवर पेशी तपासूनही धड विषाणू सापडला नाही.

आता दुसरी बाजू. बी ५७ असूनही आजारी पडणारे पुष्कळ आहेत. काही कंट्रोलरांचा ताबा पुढे सुटतो. शिवाय हे युद्ध आत अखंड चालू राहिल्याने शरीरात दाह राहतो. अमेरिकेतील एका पाहणीत, गोळ्यांनी विषाणू दाबलेल्या रुग्णांपेक्षा कंट्रोलरच इस्पितळात जास्त वेळा दाखल झालेले दिसले, त्यात हृदयविकार ठळक होता.

आणि सर्वांत घोटाळ्याची गोष्ट ही, की लागणीनंतरची पहिली काही वर्षे बहुतेकांना काहीच होत नाही. कोयता चालतो, मोळी उचलते, भूक लागते. तो मनुष्य कंट्रोलर नसतो, आत मुकादम कमी होत असतात. "आपलं अंगच दणकट" हे अंगावरून ठरत नाही, रक्तातील विषाणू मोजूनच ठरते. गोळ्या चालू असताना विषाणू दिसेनासा झाला, तर ते काम गोळीचे. ती सोडली की तो बहुधा काही आठवड्यांत परत येतो. उलट, गोळीने विषाणू दबलेला राहिला तर जोडीदाराला शरीरसंबंधातून लागण होत नाही.

आपल्या देशात २०१७ पासून लागण कळताच उपचार सुरू करण्याचे धोरण आहे. सरकारी एआरटी केंद्रात गोळ्या मोफत मिळतात, आणि २०१७ च्या कायद्याने नाव गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. चौकशीसाठी १०९७ हा मोफत दूरध्वनी आहे. तोडणीला गाव सोडून येणाऱ्या मजुरांनी निघण्यापूर्वी आपल्या केंद्रात तसे सांगावे, म्हणजे हंगामात मुक्कामाजवळच्या केंद्रातून गोळ्या घेण्याची सोय करून घेता येते. टोळी आणताना मुकादमांनी ही माहिती सर्वांनाच द्यावी, कोणा एकाला बाजूला घेऊन विचारू नये.