प्रवासाची थंड पेटी

आषाढीला दिंडी पंढरपूरला निघते. सामानाचा ट्रक सोबत असतो. दिंडीत एखाद्या आजोबांना मधुमेह असतो. त्यांच्या इन्सुलिनच्या न फोडलेल्या बाटल्या २ ते ८ अंश थंडीत राहायला हव्यात. मग पेटी कोणती घ्यावी?

एक पेटी गाडीच्या बॅटरीवर चालते. ती महाग. शिवाय ट्रक रात्रभर उभा राहिला, की बॅटरी उतरते. मग सकाळी सगळी दिंडी ट्रक ढकलते! आम्ही तर साधी बर्फाची पेटीच बरी म्हणू.

ही पेटी थंडी तयार करीत नाही. बाहेरची ऊब आत येऊ देत नाही, एवढेच. म्हणून रंग पाहू नका, भिंतीची जाडी पाहा. झाकण लावून कडेने बोट फिरवा. फट नको. नुसत्या थर्माकोलची पेटी स्वस्त मिळते, पण ट्रकात दणके बसले की तुटते.

बर्फाची लादी घ्या, चुरा नको. लादी सावकाश वितळते.

आता मुख्य गोष्ट. बाटली बर्फाला टेकू देऊ नका. इन्सुलिन एकदा गोठले, की वाया गेले. वितळल्यावर ते चांगले दिसले तरी टोचू नये. बाटली डब्यात घाला, डबा जाड फडक्यात गुंडाळा. डब्यात छोटा तापमापक ठेवा आणि मधूनमधून पाहा.

पिण्याचे पाणी या पेटीत नको. ज्याला तहान लागेल तो झाकण उघडील, आणि बर्फ दुपारीच संपेल. पाण्याला ट्रकात माठ आहेच.