राजासमोर उभे राहण्याआधीची तीन वर्षे

शास्त्रभाग : दानीएल, अध्याय 1



या अंकातील अभ्यासासाठी दानीएलाचा पहिला अध्याय घेतला आहे. सिंहांच्या गुहेची गोष्ट आपल्या रविवारच्या शाळेतील प्रत्येक मुलाला ठाऊक असते. पण त्याच पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात तीन वर्षांचा शिक्षणक्रम आहे आणि त्याच्या शेवटी एक मुलाखत आहे, याकडे माझे कधी लक्ष गेले नव्हते. ते गेले आमच्या वसतिगृहातील एका मुलीमुळे. तिच्या परवानगीने लिहीत आहे. नाव मात्र देत नाही.

ती कातकरी समाजाची. महाराष्ट्रातील ज्या तीन जमाती शासनाने विशेष असुरक्षित म्हणून नोंदवल्या आहेत, त्यांतली ही एक. दुसऱ्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. माथेरानच्या डोंगराच्या पायथ्याला तिची वाडी आहे. आईवडील दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. पाचवीपासून ती वसतिगृहात राहिली आणि आज संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ती आपल्या मंडळीची सभासद नाही, आणि आपल्या मदतीला तशी अटही नाही.

पनवेलहून ठाण्याच्या लोकलमध्ये बसले की वाटेत ऐरोली लागते. तिथल्या काचेच्या उंच इमारतींत सॉफ्टवेअर कंपन्यांची कार्यालये आहेत. अशा एका मोठ्या कंपनीत इंटर्नशिपसाठी तिने अर्ज केला. इंटर्नशिप म्हणजे शिकता शिकता काही महिने केलेली उमेदवारी. तिचे विद्यावेतन मिळते आणि काम चांगले झाले तर पुढे नोकरीही मिळू शकते. म्हणूनच या कंपन्या उमेदवार घेतानाही नोकरीइतकीच कसून पारख करतात. आधी संगणकावर वेळ लावून परीक्षा होते. तीत एक-दोन कोडी सोडवणारा प्रोग्रॅम लिहायचा असतो. मग एक किंवा अधिक तांत्रिक मुलाखती होतात आणि शेवटी स्वभाव, अनुभव, इतरांबरोबर काम करण्याची तयारी यांविषयी प्रश्न विचारतात.

लेखी परीक्षा ती पास झाली. मुलाखत कॅमेऱ्यावर होती. तयारी मी करून घेतली, आणि तिथेच माझी चूक झाली. मी तिला इंग्रजीत पानभर स्वतःची ओळख लिहून दिली आणि पाठ करून घेतली. “मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलू नकोस, विचारलं तेवढ्याचंच उत्तर दे,” असे बजावले. प्रार्थना केली आणि दार लावून घेतले.

पाऊण तासाने ती बाहेर आली. म्हणाली, “ताई, गणित येत होतं. मी मनातल्या मनात सोडवत होते. साहेब म्हणाले, तुम्ही काय विचार करताय ते मला कळत नाहीये.”

चार दिवसांनी निवड न झाल्याचा ईमेल आला. ती दोन दिवस नीट जेवली नाही. मी पुन्हा दानीएलाचे पुस्तक उघडले, खरे तर तिला धीर देण्यासाठी. पण शिकायला मलाच मिळाले.

1. देवाने ज्ञान दिले, आणि ते शिकलेही

यरुशलेमेहून बंदिवान म्हणून नेलेली ही मुले. नबुखद्नेस्सर राजाने ठरवले की त्यांना खास्द्यांची भाषा आणि विद्या शिकवावी. मुदत तीन वर्षांची. अध्यायाच्या सतराव्या वचनात सांगितले आहे की या चौघांना ज्ञान देवाने दिले. पण म्हणून तीन वर्षांचे तीन दिवस झाले नाहीत. परकी लिपी, परकी भाषा, परकी विद्या त्यांना शिकावीच लागली.

आपल्यात कधी कधी उलट ऐकू येते. मूल मुलाखतीला निघाले की आपण म्हणतो, प्रभू तोंडात शब्द घालील. घालील, याबद्दल मला शंका नाही. पण आदल्या सहा महिन्यांत त्या मुलाला अभ्यासाला लॅपटॉप होता का, शांत खोली होती का, वाडीवर नेटवर्क येत होते का, हे विचारणे हाही त्या प्रार्थनेचा भाग आहे. शिकण्याची साधने आज फुकट मिळतात. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने आहेत. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पाचे कित्येक धडे मराठीतही ऐकता येतात. अडते ते बसायला जागा, वापरायला यंत्र आणि शंका विचारायला माणूस नसल्यामुळे.

2. राजा त्यांच्याशी बोलला

एकोणिसाव्या वचनात परीक्षेची रीत दिली आहे. राजाने त्यांच्याशी संभाषण केले आणि त्यातून त्याला त्यांची पारख झाली. त्याआधी, अन्नाच्या प्रश्नावर दानीएल कसा वागला तेही पाहा. राजाचे अन्न घ्यायचे नाही असे त्याने मनात ठरवले, पण तो नुसता गप्प बसून राहिला नाही. त्याने अधिकाऱ्याला विनंती केली. अधिकाऱ्याला राजाचे भय आहे हे समजून घेतले. मग देखरेख करणाऱ्या कारभाऱ्यापुढे एक छोटा प्रयोग ठेवला : दहा दिवस भाजीपाला आणि पाणी द्या, मग आमचे चेहरे पाहून तुम्हीच ठरवा. नम्रपणे विचारणे, समोरच्याची अडचण ओळखणे आणि आधी लहान प्रमाणावर करून पाहणे, या तिन्ही गोष्टी त्यात आहेत.

सॉफ्टवेअरच्या मुलाखतीत हेच लागते, हे मला आपल्या मंडळीतील एका तरुण अभियंत्याने समजावले. तो आता दर शनिवारी वसतिगृहात येतो. त्याने फळ्यावर एक प्रश्न लिहिला. एका यादीत हजार वस्तूंच्या किमती आहेत. कोणत्या दोन वस्तू मिळून बरोबर 100 रुपयांच्या होतात?

मुलीने प्रश्न वाचला आणि खाली मान घालून लिहायला लागली. त्याने खडू काढून घेतला. म्हणाला, “आधी मला विचार.” काय विचारायचे, हे तिला कळेना. मग त्याने एकेक पायरी सांगितली. ती मी माझ्या वहीत उतरवून घेतली. तुमच्या घरी कोणी मुलाखतीला बसणार असेल तर उपयोगी पडेल.

पहिली पायरी, प्रश्न आपल्या शब्दांत पुन्हा सांगून शंका विचारणे. एकच वस्तू दोनदा धरायची का? अशी जोडी नसलीच तर काय उत्तर द्यायचे? दुसरी, चार-पाच आकड्यांचे लहान उदाहरण घेणे. तिसरी, साधा मार्ग आधी बोलून दाखवणे, तो संथ असला तरी. प्रत्येक वस्तू दुसऱ्या प्रत्येकीशी जोडून पाहिली तर हजार वस्तूंच्या जवळजवळ पाच लाख जोड्या तपासाव्या लागतात. चौथी, अधिक चांगला मार्ग शोधणे. जवळ एक वही ठेवायची. 35 रुपये वाचले की वहीत 65 आहेत का ते पाहायचे. नसतील तर 35 लिहून पुढे जायचे. अशाने हजार वस्तू फक्त एकदाच वाचाव्या लागतात. संगणकात या वहीला हॅश टेबल म्हणतात. तीत पाने चाळावी लागत नाहीत, हवी ती नोंद बहुधा थेट सापडते. मात्र वही ठेवायला जागा खर्च होते, हेही बोलून दाखवायचे. पाचवी पायरी, प्रोग्रॅम लिहिणे. सहावी, तो हाताने तपासणे. यादीत एकच वस्तू असेल तर? 50 रुपयांची वस्तू एकच असेल तर ती चुकून दोनदा धरली जाईल का?

आणि या सहाही पायऱ्यांवर तोंड उघडे ठेवायचे. मुलाखत घेणाऱ्याला नुसते उत्तर नको असते. ही मुलगी उद्या आमच्यात बसून काम करताना अडली तर सांगेल का, चूक दाखवली तर ऐकेल का, हे त्याला पाहायचे असते. अडले तर “मी इथे अडले आहे, असे करून पाहू का?” एवढे म्हटले तरी चालते. समोरचा अनेकदा धागा देतो. तो धागा घेता येणे ही जमेची बाजूच धरतात.

आता विचार करा. ज्या मुलांना भट्टीच्या मालकापुढे, कार्यालयातील साहेबापुढे, शाळेतील गुरुजींपुढे गप्प राहायला पिढ्यान्पिढ्या शिकवले गेले, त्यांनी परक्या माणसापुढे आपला अर्धामुर्धा विचार मोठ्याने बोलावा, अशी अपेक्षा इथे आहे. आणि मी, त्यांची ताई, तिला पुन्हा गप्प राहायलाच शिकवून पाठवले होते. निर्गमच्या चौथ्या अध्यायात मोशेनेही आपल्याला बोलता येत नाही असे सांगितले. देव आधी त्याच्यावर रागावला, पण त्याने अहरोनाला त्याच्या जोडीला दिले. बोलायची भीती ज्याला वाटते त्याच्याजवळ कोणीतरी उभे राहावे लागते.

3. नाव बदलले, पण घर लपवले नाही

बाबेलात दानीएलाला बेल्टशस्सर हे नाव मिळाले. त्याने ती भाषा शिकली, तिथले काम केले, पण आपण यहूदाचे आहोत हे पुसून टाकले नाही.

त्या पहिल्या मुलाखतीत तिला आणखी एक प्रश्न आला होता : एखादी अडचण तुम्ही स्वतः कशी सोडवलीत? त्याचेही उत्तर मी लिहून दिले होते. महाविद्यालयातील गटाच्या एका प्रकल्पाचे, ज्यात तिचा वाटा थोडाच होता. दोन उलटे प्रश्न येताच ती गडबडली. हा दोष तिचा नव्हता.

एका शनिवारी त्या तरुणाने सहज विचारले, “वहीची युक्ती तुला इतक्या लवकर कशी समजली?” ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “भट्टीवर आमची अशीच वही होती.”

आठवीच्या वर्षी सुट्टीत ती आईवडिलांजवळ भट्टीवर गेली होती. तिथे मजुरी हजार विटांमागे ठरते आणि सुरुवातीला घेतलेली उचल शेवटच्या हिशेबात कापली जाते. वडिलांना लिहिता येत नाही. ती रोज संध्याकाळी पाडलेल्या विटा मोजून तारखेपुढे आकडा लिही. हंगाम संपल्यावर हिशेब झाला तेव्हा मालकाच्या आकड्यात नऊ दिवसांच्या विटा आल्याच नव्हत्या. तिने वही पुढे केली, तारखा दाखवल्या. आकडा दुरुस्त झाला आणि वडिलांच्या अंगावरची उचल त्या वर्षी फिटली.

“हे तू मुलाखतीत का नाही सांगितलंस?” मी विचारले.

“ताई, तुम्हीच म्हणाला होतात ना, भट्टीचं सांगू नकोस म्हणून.”

मी म्हणाले होते. तिचा अपमान होऊ नये म्हणून म्हणाले होते, पण तिला ऐकू आले ते एवढेच की तिच्या घराची लाज वाटायला हवी. अडचण काय होती, माझे काम काय होते, मी काय केले, त्यातून काय झाले, या क्रमाने अनुभव सांगावा असे मुलाखतीच्या तयारीत शिकवतात. त्या वहीच्या गोष्टीत या चारही गोष्टी आहेत, आणि त्यातला प्रत्येक शब्द खरा आहे. खऱ्या गोष्टीवर कितीही उलटे प्रश्न आले तरी ती डगमगत नाही. मी तिची क्षमा मागितली. ती लाजली आणि म्हणाली, “राहू द्या ताई, आता पुढचं बघू.”

मंडळीने काय करावे

पैशाची मदत आपण करता, त्यासाठी आभारी आहोत. त्याच्या जोडीला तीन गोष्टी मागते. आपल्यापैकी जे सॉफ्टवेअरमध्ये काम करतात त्यांनी महिन्यातून एक तास एका मुलाची सराव मुलाखत घ्यावी, फोनवरूनही चालेल. बँकेत, शाळेत, दवाखान्यात काम करणाऱ्यांनी नुसते समोर बसून मुलांना इंग्रजीत आणि मराठीत प्रश्न विचारावेत. अनोळखी माणसाशी बोलायची सवय त्यातूनच होते. आणि घरात चालू स्थितीतला जुना लॅपटॉप पडून असेल तर तो वसतिगृहाला द्यावा.

एक सावधगिरीही हवी. नबुखद्नेस्सराचा दरबार म्हणजे देवाचे राज्य नव्हे. मोठ्या कंपनीत निवड झाली म्हणजे मूल मोलाचे ठरले आणि नाही झाली म्हणजे कमी पडले, असे आपल्या तोंडून कधी जाऊ नये. आमच्या वसतिगृहातील काही मुली परिचारिका होतील, काही शेती करतील. त्यांच्यासाठीही शनिवार हवाच.

तिची दुसरी मुलाखत पुढच्या महिन्यात आहे, दुसऱ्या कंपनीत. निकाल काय लागेल ते माहीत नाही. काल संध्याकाळी मी खोलीवरून जात होते, तर आतून तिचा आवाज येत होता. ती फळ्यासमोर एकटीच उभी राहून मोठमोठ्याने बोलत होती : “आता मी इथे अडले आहे. आधी लहान उदाहरण घेऊन पाहते.”

मननासाठी प्रश्न

1. दानीएलाने अधिकाऱ्याशी आणि कारभाऱ्याशी कशा रीतीने बोलणे केले? आपल्या घरातील मुले मोठ्यांना असे विचारू शकतात का?
2. प्रार्थना आणि तयारी यांपैकी आपण कशाकडे दुर्लक्ष करतो?
3. कोणाचे भले करण्याच्या हेतूने आपण त्याला त्याचे घर, भाषा किंवा कष्ट लपवायला सांगितले आहे का?

प्रार्थनेचे विषय

या मुलीच्या येत्या मुलाखतीसाठी. भट्टीवर गेलेल्या आईवडिलांच्या आरोग्यासाठी आणि चोख हिशेबासाठी. शनिवारी वेळ देणाऱ्या तरुणांसाठी. आणि गप्प बसायला शिकलेल्या प्रत्येक मुलाला बोलण्याचे धैर्य मिळावे म्हणून.