खऱ्या शब्दांची खोटी साक्ष

शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यास मनाई करणारी आज्ञा कॅथलिक व लूथरन परंपरेत आठवी, तर इतर बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत नववी मोजली जाते. क्रमांकाचा हा मतभेद अर्थापर्यंत मात्र पोहोचत नाही. मार्टिन लूथर यांनी 1529 च्या लहान प्रश्नोत्तरीत, म्हणजे घरोघरी मुलांना विश्वासाची मूलतत्त्वे शिकवण्यासाठी लिहिलेल्या पुस्तिकेत, ही आज्ञा खोटे न बोलण्यापुरती न ठेवता शेजाऱ्याची बाजू घ्यावी आणि त्याच्या वागण्याचा होता होईल तो चांगला अर्थ लावावा, इथवर नेली. लूथर यांच्या विरुद्ध पक्षात गणले जाणारे इग्नेशियस लोयोला यांच्या, 1548 मध्ये पोपची संमती मिळालेल्या, ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथाच्या आरंभीही जवळजवळ तेच आढळते: दुसऱ्याचे विधान दोषी ठरवण्यापेक्षा सावरून घ्यावे, ते सावरता येत नसेल तर त्याचा अर्थ त्यालाच विचारावा, आणि तरीही चूक उरलीच तर ती प्रेमाने दुरुस्त करावी.

यांतली मधली पायरी, विचारण्याची, फोनवरच्या वादात सर्वांत आधी गळते. प्रस्तुत लेखकाकडून ती गळली बालबाप्तिस्म्याच्या, म्हणजे अजून विश्वास कबूल करू न शकणाऱ्या तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा द्यावा की नाही या, वादात. दुसऱ्या मंडळीतील एका पाळकसाहेबांच्या उपदेशाचा 40 सेकंदांचा तुकडा त्याने ‘आता हे ऐका’ एवढ्याच शेऱ्यानिशी आपल्या मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकला. त्यात पाळकसाहेब या विधीला निव्वळ पाण्याची आंघोळ म्हणताना ऐकू येत होते. दोन दिवसांनी पाऊण तासाचा संपूर्ण उपदेश ऐकल्यावर कळले की ते आक्षेप घेणाऱ्यांचे बोलणे त्यांच्याच शब्दांत मांडत होते आणि पुढच्याच वाक्यात ते नाकारत होते. तुकड्यातला एकही शब्द बनावट नव्हता, आणि तरीही ती खोटी साक्षच होती.

जाहीर उपदेशावर जाहीर चर्चा करण्यास हरकत असू नये. मात्र त्याआधी सगळे ऐकावे, आणि विरोधकाचे मत वाचून त्याने स्वतः ‘होय, हेच माझे म्हणणे’ असे म्हणावे अशा शब्दांत ते लिहून पाहावे. हे लिहिता येत नसेल, तर उत्तर देण्याची वेळ आलेली नाही असे समजावे. खासगी बोलण्याचा नियम याहून कडक आहे. पूर्वनियोजनाच्या, म्हणजे कोणाचे तारण व्हावे हे देवाने आधीच ठरवले आहे या, सिद्धांतावरून आपले सहकारी उपदेशक जॉन वेस्ली यांच्याशी वाद घालताना जॉर्ज व्हिटफील्ड यांनी 1740 च्या डिसेंबरात लिहिलेल्या आणि पुढे छापलेल्या पत्रात, वेस्ली यांनी या विषयावर बोलण्याआधी चिठ्ठी टाकून कौल घेतल्याची खासगी गोष्ट उघड केली. पुढे ती आपली चूक असल्याचे त्यांनी कबूल केले. आज तीच चूक स्क्रीनशॉटने घडते, आणि छपाईची वाटही पाहावी लागत नाही. मत्तयाच्या 18 व्या अध्यायात अपराधी भावाला आधी एकांतात भेटण्यास सांगितले आहे, ते अशा वेळी विशेष आठवावे.

माफीविषयीही सावध राहावे. लेखकाने प्रथम ‘गैरसमज झाला असल्यास क्षमस्व’ असे लिहिले. त्यातल्या ‘असल्यास’ या शब्दाने दोष ऐकणाऱ्यांवर ढकलला होता, हे मंडळीतील एका वडीलधाऱ्या बाईंनी दाखवून दिले. मग पाळकसाहेबांना फोन करून, काय कापले होते ते स्पष्ट सांगणारा मजकूर आणि संपूर्ण उपदेश त्याच गटावर ठेवण्यात आला. तोवर तो तुकडा आणखी कितीतरी गटांत गेला होता. हा मजकूर तिथे गेला नाही.